जमादारची अडणी

"त्यानं अन्न सोडलं, वयनी," शरणप्पा म्हणाला. "आता लई तर आठ दिवस."

ओसरीखालच्या अंगणात जर्मलची थाळी होती, थाळीत ताकात मोडलेली ज्वारीची भाकरी होती, आणि थाळीपुढे जमादार उभा होता. पुढचे दोन्ही पाय फाकवून, मान निम्म्यावर आणून तो तसाच थबकला होता. त्यानं थाळीकडे पाहिलं, शरणप्पाकडे पाहिलं, मग एकेक पाय मागे घेत भिंतीशी गेला आणि धपकन बसला. लगेच एका कावळ्यानं भाकरीचा तुकडा उचलला. जमादारनं त्याच्यावर भुंकण्याचीही तसदी घेतली नाही.

"सोडलं न्हाई त्यानं," मल्लम्मा म्हणाली. "सोडणारा असा बघत न्हाई."

"बघायला काय दात लागतेत व्हय? तेरा वर्षं झाली. कुत्र्याच्या जातीला अजून किती पाहिजेत? खामखा जीव नका लावू." एवढं बोलून शरणप्पा टोपी सारखी करत दुकानात गेला.

शरणप्पाचं हे असं होतं. पोत्यात मूठ घातली की ज्वारी कोणत्या गावची हे तो सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळे जगातल्या बाकी गोष्टीही आपल्याला एका नजरेत कळतात, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. अहमदपूरच्या बाजारगल्लीत त्याचं दुकान, दुकानाला लागून घर, आणि घरात त्याचा शब्द शेवटचा. निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सेहेचाळीस साल होतं. लढाई संपून वर्ष होत आलं तरी सरकारची धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, संपली नव्हती, आणि अशा दिवसांत म्हाताऱ्या कुत्र्यानं अन्न सोडलं म्हणजे त्यानं शहाणपणाच केला, असंच गल्लीत कोणीही म्हणालं असतं.

मल्लम्मा मात्र म्हणाली नाही. ती शरणप्पाची थोरली भावजय. अकराव्या वर्षी देवणीहून लग्न होऊन या घरात आली आणि आता अठ्ठावन्नची होती. मूलबाळ झालं नाही. नवरा, चन्नबसप्पा, जाऊन चार वर्षं झाली होती. तो गेल्यावर दुकान शरणप्पाचं झालं, किल्ल्या शांतम्माच्या, म्हणजे धाकट्या जावेच्या, कमरेला गेल्या, आणि मल्लम्माकडे उरली ती चुलीपुढची हातभर जागा. ती जागा तिच्याकडून कोणी घेतली नाही, कारण तिच्या हातची पुरणाची होळगी खाल्लेला माणूस पुन्हा दुसऱ्या कोणाच्या होळगीला नावाजत नसे. आणखी एक गोष्ट तिच्याकडे उरली होती, ती म्हणजे जमादार.

चन्नबसप्पानं त्याला उदगीरच्या बाजारातून रिकाम्या पोत्यात घालून आणलं होतं. "सरकारी जमादार खातो अन् झोपतो, आपला खाईल अन् जागंल," असं म्हणून त्यानं नाव ठेवलं. पुढे करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याचा खराखुरा जमादार दुकानात आला की घरच्यांची तारांबळ उडायची. हाक मारायची तर दोघांतला कोण उठेल याचा नेम नसायचा. मधल्या काळात नाक्यावरचे तीन जमादार बदलले. हा एक कायम राहिला.

मल्लम्मानं दोन दिवस काही केलं नाही, नुसतं पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माणसांना वाढलेली बाई ती. भूक नसलेलं तोंड आणि खाता न येणारं तोंड यांतला फरक तिला सांगावा लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी भाकरीचा एक तुकडा तिच्या हातून ओसरीच्या काठावर पडला. जमादार खाली अंगणात उभा होता. ओसरीचा काठ त्याच्या छातीला लागत होता. त्यानं मान न वाकवता तो तुकडा उचलला, इकडून तिकडे घोळवला आणि गिळला.

"अगं बाई," मल्लम्मा म्हणाली.

तिनं खाली उतरून त्याच्या मानेवरून बोट फिरवलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये बोट आलं तसं तो कण्हला. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. काठवटीवर वाकून पंधरा-वीस भाकऱ्या थापल्या की तिचीही मान तिथंच आखडायची, आणि मग वर बघायला सगळं अंग वळवावं लागायचं. वैद्याला विचारायची गरजच नव्हती. भूक जागच्या जागी होती, फक्त भाकरी फार खोल गेली होती.

मग तिचे उपाय सुरू झाले. ओसरीच्या काठावर ठेवलं तर गल्लीतली चार तरणी कुत्री टपलेलीच असायची. म्हणून तिनं मागच्या परसात थाळी उपड्या पायलीवर ठेवली. जमादारनं तोंड लावताच थाळी कलंडून शहाबादी फरशीवर अशी खणखणली की तो बिचारा दिवसभर परसाकडे फिरकला नाही. विटांवर ठेवली तर तो चाटेल तशी थाळी पुढे सरकायची, थाळीमागे तो सरकायचा, आणि शेवटी दोघंही भिंतीला जाऊन लागायचे. फरशीवर त्याचे पाय घसरायचे ते वेगळंच. त्यावर तिनं गोणपाट अंथरलं. भाकरीऐवजी भाकरीचा काला केला, वरणाच्या कोमट पाण्यात भिजवून, बोटांनी मोडून, तिखटाचा कण न पडू देता. एकदम न देता दिवसातून तीनदा थोडं थोडं दिलं. सगळं जमलं, पण थाळी काही जागेवर राहीना.

आणि मग तिला माळ्यावरची अडणी आठवली.

अडणी म्हणजे ताट ठेवायची पितळी तिवई, वीतभर उंच. वर कडं, त्यात ताट बसतं, आणि खाली तीन पाय. चार पायांची वस्तू उंचसखल जमिनीवर डुगडुगते, तीन पायांची कधी डुगडुगत नाही. या घरातली माणसं गळ्यात लिंग बांधणारी. लिंगाला दाखवलेलं अन्न भुईला टेकू द्यायचं नाही, म्हणून ताट अडणीवर. हा मान पुरुषांना आणि पाहुण्यांना. बायका मागाहून चुलीपुढे बसायच्या, त्यांची ताटं भुईवरच असायची. त्यांच्याही गळ्यात लिंग होतं, पण हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय असं कोणी विचारलं नव्हतं. माळ्यावरची अडणी मल्लम्माच्या बापानं आंदणात दिलेली. चन्नबसप्पा जन्मभर तिच्यावर जेवला. तो गेल्यावर ती फडक्यात बांधून वर ठेवली होती.

दोन विटांवर अडणी आणि अडणीत थाळी ठेवली, तेव्हा थाळी बरोबर जमादारच्या छातीशी आली. त्यानं आधी वास घेतला. मग तोंड घातलं. थाळी हलली नाही. मग तो असा जेवला की मल्लम्मा पाहतच राहिली. शेवटी त्यानं थाळी चाटून लख्ख केली आणि कडेला चिकटलेलं वरणही सोडलं नाही. मल्लम्माला इतका आनंद झाला की तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"पोटभर जेवलास ना रे," ती त्याला म्हणाली. "मग झालं. कुनाला काय म्हनायचं ते म्हनू दे."

अर्थात लगेच कोणी काही म्हटलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. दुकानात गर्दीची वेळ झाली की ती परसात अडणी मांडायची, जेवण झालं की राखेनं घासून, धुऊन उन्हात पालथी घालायची. महिनाभरात जमादारच्या बरगड्या झाकल्या. शरणप्पा गिऱ्हाइकांना सांगू लागला की गावच्या जंगम अय्यांनी दिलेलं भस्म लावलं आणि कुत्रं उठलं. मल्लम्मा ऐकायची आणि भाकरी थापत राहायची.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी शरणप्पाच्या लेकीच्या सासरची माणसं लातूरहून आली. व्याही बसलिंगप्पा आणि त्यांचे दोघे भाऊ. त्या निमित्तानं रेवणय्यांनाही जेवायला बोलावलं होतं. रेवणय्या गावातले वृद्ध जंगम. लग्न असो, मर्तिक असो, गावातल्या लिंगायतांचं पान त्यांच्यावाचून हलत नसे. सगळे त्यांना अय्या म्हणत. मल्लम्मा सकाळपासून चुलीपुढे होळगी लाटत होती. माजघरात पाट मांडायचं काम शांतम्माकडे होतं.

शांतम्मानं पानं मोजली, पाच. अडण्या मोजल्या, चार. तिचा जीव खालीवर झाला. ती परसात डोकावली, तर तिथं दगडावर घासूनपुसून लखलखीत केलेली एक अडणी वाळत होती. अक्काला बाई सगळं आधीच सुचतं, असं तिला वाटलं. तिनं ती उचलली, आणि सगळ्यांत चकचकीत तीच दिसली म्हणून मानानं अय्यांपुढे मांडली. अडणीच्या एका पायातली कडी सैल होती. फरशीवर ठेवताना ती खुळखुळली.

अय्यांनी तळहातावर लिंग घेतलं, कपाळाला भस्म लावलं, अन्न लिंगाला दाखवलं. पहिला घास तोंडात गेला आणि परसाच्या दारातून जमादार आत आला.

त्याचे दात गेले होते, कान शाबूत होते. ती कडी खुळखुळली म्हणजे जेवण, एवढं त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. तेरा वर्षांत माजघराचा उंबरा न ओलांडलेला जमादार चुलीशेजारून, मल्लम्माच्या हाताखालून निघून गेला, लंगडत लंगडत पंगतीच्या मधून चालत आला आणि अय्यांच्या ताटासमोर उभा राहिला. त्यानं ताटाला तोंड लावलं नाही. वासही घेतला नाही. पाहुणा चुकून आपल्या जागेवर बसला तर भला माणूस जसा वाट बघतो, तसा तो शेपूट हळूहळू हलवत उभा राहिला.

"हाड! हाड!" शांतम्मा ओरडली. जमादार हलला नाही.

बसलिंगप्पांना हसू आलं. "शरणप्पा, ह्याची जागा हीच हाय का काय?" ते थट्टेनं म्हणाले.

मल्लम्मा दारात येऊन उभी होती. हाताला पीठ लागलेलं. गप्प राहिली असती तर कुत्र्याला हाकललं असतं, हसण्यावारी गेलं असतं, पाहुणे जेवून गेले असते. पण तो असा उभा असताना, त्याला लबाड ठरवून हाकलायचं, हे तिच्यानं होईना.

"हाव," ती म्हणाली. "त्याचीच जागा हाय. ती अडणी त्याची हाय. महिना झाला, तिच्यावर जेवायलाय तो."

माजघरात कोणाचाही घास वर गेला नाही. सगळे अय्यांकडे पाहू लागले, आणि अय्या ताटाकडे. मोठं संकट होतं. कुत्र्याच्या अडणीवरचं जेवावं तर बाट, आणि लिंगाला दाखवलेलं अन्न पानात टाकून उठावं तर त्याहून मोठं पाप. साठ वर्षं ते दुसऱ्यांना हेच सांगत आले होते. अय्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग दोन्ही हातांनी ताट उचललं, डाव्या तळव्यावर पेललं आणि तसंच हातावर धरून जेवू लागले.  त्यांनी होळगी संपवली, भात संपवला, ताटात पाणी घालून तेही प्यायले. तेवढा वेळ जमादार रिकाम्या अडणीपुढे उभाच होता.

हात धुतल्यावर अय्या एवढंच बोलले, "ही अडणी ह्या घरात नको."

पाहुणे गेल्यावर शरणप्पा उसळला. "वयनी, इज्जत गेली आमची! गावातून गेली, अन् आता लातूरपोतर जाईल. ज्या अडणीवर अण्णा जेवले, तिच्यावर कुत्रं?"

"अण्णांनीच आणलेलं कुत्रं हाय ते. त्यांना तकलीफ व्हायची न्हाई, तुलाच का व्हायली?"

"जनावरानं भुईवरच खावं. दस्तूर हाय."

"मान वाकत न्हाई रे त्याची. मान वाकंना म्हणून उपाशी मरायचं, हा कुठला दस्तूर?"

"मला मालूम न्हाई. उद्या चाकूरचा बाजार हाय. उद्धवची गाडी जानार. कुत्रं तिकडं सोडून देऊ, अन् अडणी जाईल हिरीत."

"अडणी माझ्या बापाची हाय. हात लावून बघ."

रात्रभर ती जागी नव्हती, चांगली झोपली. सकाळी उद्धव गाडीवान आला, बैल जुंपले, सरकीची पोती चढवली, आणि शरणप्पाच्या हुकमानं जमादारला उचलून पोत्यांच्या मध्ये ठेवलं. तो म्हातारा बिचारा, फिरायला नेतात असं समजून शेपूट हलवत बसला. मल्लम्मा घरातून बाहेर आली. अंगावर नेसूचं लुगडं, काखेत फडक्यात बांधलेली अडणी. ती चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन गाडीत चढली आणि पोत्यावर बसली.

"अव्वा, तुमी कुठं?" उद्धव गडबडला.

"जमादार जाईल तिथं."

"आठ कोस हाय. हाडं खिळखिळी हुतील."

"माझी हाडं हायत. तू बैल हाक."

उद्धवनं बैल हाकले नाहीत. बाजारगल्ली जागी होत होती. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला, पाणी आणायला निघालेल्या बाया घागरी काखेत धरून उभ्या राहिल्या. मोठ्या घरची विधवा सून सरकीच्या गाडीत कुत्र्याशेजारी बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. शरणप्पा दुकानाच्या पायऱ्या उतरून धावत आला.

"उतरा, वयनी. तमाशा करू नका."

"मी करायले न्हाई. तू गाडी जुपलीस."

"लोक बघायलेत."

"बघू दे. ऐकू बी दे." मल्लम्माचा आवाज चढला. चुलीपुढच्या बाईला एवढा आवाज आहे हे गल्लीला त्या दिवशी कळलं. "शरणप्पा, तू नऊ वर्सांचा हुतास. गोवर आला हुता. तोंड आतून सोललं हुतं तुझं. समदे म्हन्ले, पोरानं अन्न सोडलं. तुझ्या आईनं बी हात टेकले. मी अठरा दिवस पेज करून बोटानं चाटवली तुला. मांडीवर उंच घेऊन, कारन आडवं झालं की तुला गिळता येईना. तू अन्न सोडलं नव्हतंस, तुला गिळता येत नव्हतं. त्या वक्ताला तुझ्यासाठी कुनी गाडी जुपली न्हाई."

 शरणप्पाला ती पेज आठवत होती की नाही कोण जाणे, पण गल्लीतल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या होत्या, हे त्याला दिसत होतं. 

"ऱ्हाऊ दे कुत्रं," शेवटी तो म्हणाला. "पन अय्यांचा शब्द मोडनार न्हाई मी. अडणी घरात न्हाई. अन् त्या अडणीला हात लावनारं मानूस चुलीला हात लावनार न्हाई. सांगून ठेवतो."

"अडणी घरात न्हाई, एवढंच ना?"

"एवढंच."

"बरं," मल्लम्मा म्हणाली. "ओसरीला घर म्हनत न्हाईत."

आणि ती उतरली. त्याच दुपारी तिनं ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून चूल केली. ओसरीपुढचं अंगण थेट रस्त्याला लागून. परसात लपून जे चाललं होतं ते आता सगळ्या अहमदपूरसमोर सुरू झालं. रोज दुपारी दोन विटा, त्यांवर अडणी, अडणीत थाळी, पायाखाली गोणपाट, आणि त्यासमोर जमादार. शेजारी मल्लम्मा, भुईवर ताट घेऊन. गल्लीतली तरणी कुत्री जवळ आली की तिच्या हातात काठी असायची. आठवडाभर लोक हसले. मग एक म्हातारी तिच्या आंधळ्या कुत्रीला काय घालावं ते विचारायला आली. मल्लम्मानं तिला सांगितलं, रोज एकाच जागी, एकाच वेळी, आणि आधी थाळी वाजवून.

घरात मात्र बोंब होती. शांतम्माच्या होळगीतून पुरण तव्यावर यायचं. वरण एक दिवस खारट, एक दिवस अळणी. शरणप्पा तोंड वाईट करून जेवायचा आणि ओसरीवरून येणारा फोडणीचा वास नाकात जाऊ न देण्याचा आटापिटा करायचा. एकदा शांतम्मा दाराआडून हळूच म्हणाली, "अक्का, ती अडणी टाका की हो. म्या कंटाळले."

"मी टाकली तर तू उद्या मला टाकशील," मल्लम्मा म्हणाली. "माझीबी मान आखडायली आता."  शांतम्मा आत गेली.

भाद्रपदात एकदा अय्या भिक्षेची झोळी घेऊन गल्लीतून चालले होते. जमादार जेवत होता. अय्या थांबले. काठीवर भार देऊन त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"पानात टाकतो का?" त्यांनी विचारलं.

"कणबी न्हाई."

"हं," अय्या म्हणाले. "गावात सांगून सांगून थकलो मी. मानसं टाकतेत." आणि ते पुढे गेले. आपला शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मल्लम्मानंही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

जमादार घट बसायच्या आदल्या दिवशी गेला. सकाळी अर्धी थाळी खाल्ली, आणि अर्धी ठेवून पहिल्यांदाच बाजूला झाला. मल्लम्मानं थाळी पुढे केली. त्यानं थाळीकडे पाहिलंच नाही. तेव्हा तिला कळलं. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. तिनं त्याला हाका मारल्या नाहीत, पाणी पाजायची जबरदस्ती केली नाही. दुपारी त्याचा श्वास थांबला. उद्धव न बोलावताच गाडी आणि कुदळ घेऊन आला, आणि त्यानं शेताच्या बांधाला, बाभळीखाली खड्डा केला. परत येताना मल्लम्मा मोठमोठ्यानं रडली, आणि उद्धव बैलांशी काहीतरी बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी शरणप्पा ओसरीवर आला. उभा राहिला, खाकरला.

"झालं ते झालं, वयनी. गेला तो. बरा गेला, पोटभर खाऊन गेला." त्याचा आवाज खरोखरच मऊ होता. "आता ती अडणी हिरीत टाका अन् आत या. अय्यांना सांगून घर शुद्ध करून घेऊ. चूल तुमचीच हाय."

 मल्लम्मानं तीन दगडांची चूल मोडली, राख भरली, ओसरी सारवली. मग आडावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, लिंगपूजा केली. अडणी राखेनं घासली, तीनदा धुतली, पदरानं कोरडी केली.

माजघरात शरणप्पाचं पान मांडलं होतं. तो पाटावर बसून पहिला घास मोडत होता. शांतम्मा वाढायला उभी होती. मल्लम्मा उंबरा ओलांडून आत आली, पण चुलीकडे वळली नाही. तिनं भिंतीशी उभा केलेला एक पाट घेतला, शरणप्पाच्या ओळीत टाकला, पाटापुढे अडणी ठेवली, अडणीत रिकामं ताट ठेवलं, आणि मांडी घालून बसली.

"वयनी," शरणप्पाच्या हातातला घास तसाच राहिला, "त्याच्यावर कुत्रं जेवलंय."

"हाव. मन लावून जेवलंय," मल्लम्मा म्हणाली. "वाढ, शांतम्मा."

शांतम्मा पळी हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिली.  मग तिनं त्याच्याकडे बघायचं थांबवलं आणि वरण वाढलं, भाकरी वाढली, वर तुपाची धार सोडली. मल्लम्मानं ताट लिंगाला दाखवलं, डाव्या हातानं काठ धरला आणि मान ताठ ठेवून जेवायला सुरुवात केली.